जहाजावरचं ॲस्बेस्टॉस: हात लावण्याआधी, लावताना आणि तीस वर्षांनंतर

वाफेच्या पाइपावर जाड कापड गुंडाळून शिवलेलं, वरून पांढरा किंवा करडा रंग मारलेलं आवरण म्हणजे लॅगिंग, हे गोदीत सगळ्यांना माहीत असतं. त्या कापडाच्या आत काय भरलंय, हे मात्र छिन्नीचा पहिला घाव बसेपर्यंत कोणी विचारत नाही. आणि घाव बसल्यावर विचारून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत बॉयलर रूममधल्या प्रत्येकाच्या छातीत ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या तंतुमय खनिजाचे, तंतू गेलेले असतात.

ही माहिती युद्धनौकांवरच्या खलाशांसाठी आणि स्टोकरांसाठी (बॉयलर सांभाळणाऱ्यांसाठी) आहे, तशीच मुंबईच्या गोद्यांमधले फिटर, वेल्डर, लॅगर, रंगारी यांच्यासाठीही. मुंबईतल्या दारूखाना भागात जहाज तोडणाऱ्यांसाठी आणि ठेकेदाराकडे रोजंदारीवर रिफिटचं, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीचं, काम करणाऱ्यांसाठी तर जास्तच, कारण मास्क सगळ्यात शेवटी त्यांच्या हातात पडतो.

कुठे असतं

१९६०, ७० आणि ८० च्या दशकांत बांधलेल्या वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालावं. नाही हे सिद्ध करायचं, आहे हे नाही. बॉयलरचं आवरण, टर्बाइनचं केसिंग, वाफेच्या मुख्य लाइनी, एक्झॉस्टचे पाइप या ठिकाणी ते सर्वांत जास्त आणि सर्वांत भुसभुशीत रूपात सापडतं. त्याखालोखाल फ्लँजमधले (पाइपांच्या जोडातले) गॅस्केट, व्हॉल्व्हच्या ग्लँडमधली (दांडा बाहेर येतो त्या जागेतली) दोरीसारखी पॅकिंग, बॉयलरच्या दारांच्या कडेची दोरी, बल्कहेडचे (जहाजातल्या भिंतींचे) आगरोधक बोर्ड, डेकच्या टाइल आणि त्यांच्या खालचा काळा गोंद, विंचच्या ब्रेकचे लाइनिंग, जुन्या केबलींची वेष्टणं, वेल्डिंगला वापरायच्या जुन्या चादरी.

यातला धोका सारखा नसतो. टाइल शाबूत असेल तर तंतू गोंदात अडकून असतात, ती तशीच राहू द्यावी. लॅगिंगचं तसं नाही. जुनं लॅगिंग बोटाने दाबलं तरी चुरा होतो, आणि जहाज चालू असताना कंपनांनी तो आपोआप गळत राहतो. पाइपाखालच्या पत्र्यावर, केबल ट्रेवर, बिल्जच्या (जहाजाच्या तळाच्या) कडेला पिठासारखी करडी पूड साचलेली दिसली, तर वरच्या लॅगिंगकडे बघा. शिवण उसवलेली असेल किंवा कुणीतरी त्यावर पाय देऊन वर चढलेलं असेल. इंजिन रूममध्ये पाइपाची शिडी करायची सवय फार जुनी आहे. ती मोडायला हवी.

तारखांवर फार विसंबू नका. व्यापारी जहाजांसाठीच्या सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांनी १ जुलै २००२ पासून काही मोजके अपवाद सोडून नवीन ॲस्बेस्टॉस बसवायला बंदी घातली आणि १ जानेवारी २०११ पासून अपवादही काढून टाकले. पण सोलास युद्धनौकांना लागू नाही. जहाज पुनर्वापराचा २०१९ चा भारतीय कायदाही युद्धनौकांना वगळतो, त्यामुळे घातक पदार्थांची जी यादी व्यापारी जहाजाला बाळगावी लागते, तिची सक्ती युद्धनौकेवर नाही. त्यात भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नसल्याने बाजारात गॅस्केट कापायची सीएएफ (दाबलेल्या ॲस्बेस्टॉस तंतूंची) जॉइंटिंग शीट आजही मिळते. म्हणजे २०१५ साली बांधलेल्या बोटीत गेल्या वर्षी दुरुस्तीच्या वेळी बसवलेला गॅस्केटसुद्धा ॲस्बेस्टॉसचा निघू शकतो. खोक्यावर ‘नॉन-ॲस्बेस्टॉस’ छापलंय एवढ्यावर भागवू नका, त्या लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

शरीरात काय होतं

मारतो तो तंतू डोळ्याला दिसत नाही. मोजणीत जे तंतू धरतात त्यांची लांबी ५ मायक्रॉनपेक्षा जास्त आणि जाडी ३ मायक्रॉनपेक्षा कमी असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. नाकातले केस, घशातला कफ यांना चुकवून तो फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो आणि तिथेच राहतो. शरीराला तो विरघळवता येत नाही. त्याच्याभोवती वर्षानुवर्षं व्रण तयार होत जातात आणि फुफ्फुस कातड्यासारखं कडक होतं, हा ॲस्बेस्टॉसिस. दुसरा फुफ्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, जो थोड्या काळाच्या संपर्कानेही होऊ शकतो आणि बहुधा २० ते ५० वर्षांनी उघड होतो.

ॲस्बेस्टॉसचे निळं, तपकिरी, पांढरं असे प्रकार आहेत. निळं वाईट, पांढरं चालतं, असं गोदीत ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कर्करोग घडवणारे मानते. निळं आणि तपकिरी मेसोथेलिओमाच्या बाबतीत अधिक घातक आहे हे खरं, पण म्हणून पांढरं निर्धोक ठरत नाही. शिवाय रंगावरून प्रकार ओळखताही येत नाही; उष्णतेने आणि रंगाच्या थरांनी सगळंच करडं झालेलं असतं.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये कामाच्या जागेची मर्यादा घन सेंटिमीटरला ०.१ तंतू आहे. आठ तासांच्या पाळीत माणूस साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. हिशेब करा: मर्यादेवरच्या हवेतही एका पाळीत १० लाख तंतू नाकातोंडाशी येतात. म्हणून ‘मर्यादेच्या आत आहे’ हे ऐकून मास्क उतरवायचा नसतो.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांच्या जुन्या अभ्यासात फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे ११ पट आणि दोन्ही एकत्र असताना ५० पटींहून जास्त आढळला. इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आधी लॅगिंगवर काम झालेलं असेल तर आज सिगारेट सोडणं ही तुमच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. मेसोथेलिओमाला मात्र तंबाखूचा संबंध नाही, त्यामुळे न ओढणाराही सुटत नाही.

नमुना घेणं

संशय आला की काम थांबवा, माणसं बाहेर काढा, ब्लोअर बंद करा. मग एकट्याने, मास्क घालून नमुना घ्यायचा. जागेवर फवाऱ्याने साबणाचं पाणी मारून पाच मिनिटं मुरू द्या. साधारण ३ सेंटिमीटर चौकोनाचा तुकडा पाइपाच्या धातूपर्यंत कापा. वरवर खरवडलेल्या नमुन्यात नुसता रंग आणि कापड येतं, आतला थर सुटतो आणि अहवाल ‘नाही’ असा येतो. ही चूक सर्वांत जास्त होते. एकसारख्या दिसणाऱ्या प्रत्येक पट्ट्यातून तीन वेगवेगळ्या ठिकाणी नमुने घ्या, कारण दुरुस्तीच्या वेळी मधलेच तुकडे बदललेले असतात. प्रत्येक नमुना दोन झिपच्या पिशव्यांत, वर कंपार्टमेंट, फ्रेम नंबर (जहाजाच्या सांगाड्यातल्या फासळीचा क्रमांक), पाइप आणि तारीख. भोक लगेच ओल्या भरावाने बुजवून टेपने बंद करा. नमुना एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. तिथे तो ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

लॅगिंग शाबूत असेल आणि त्या लाइनीवर काम निघणार नसेल, तर ते काढायचा आग्रह धरू नका. कापडावर सील करणारा जाड लेप मारा, पट्टीवर इशारा लिहा, दर काही महिन्यांनी बघा. काढण्यातच सर्वांत जास्त धूळ उडते.

पाइपावरचं लॅगिंग काढणं

एका व्हॉल्व्हपुरतं किंवा मीटर-दीड मीटर लांबीचं काम असेल तर ग्लोव्ह बॅग वापरा. ही ०.१५ मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, तिलाच आत हातमोजे शिवलेले. पाइप गार हवा. ६५ अंशांच्या वर पिशवी वितळते. वाफ बंद करून, लाइन मोकळी करून, टॅग लावून रात्रभर थांबावं लागलं तरी थांबा. रिफिटचं वेळापत्रक मागे पडलं म्हणून गरम पाइपावर पिशवी बांधतात आणि ती भर कामात फाटते.

दोन माणसं लागतात, एकट्याने हे काम होत नाही. आधी पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या शाबूत लॅगिंगवर प्लॅस्टिक गुंडाळून टेप लावा, नाहीतर पिशवीचा पट्टा आवळतानाच तिथून चुरा सुटतो. स्क्रेपर, करवतीचं पातं, ब्रश, चिंध्या, ओला भराव, सगळं आधीच पिशवीत टाका. पिशवी पाइपाभोवती घेऊन वरची कड आणि दोन्ही टोकं टेपने बंद करा. मग धुराच्या नळीने आत थोडा धूर सोडून पिशवी हलकेच दाबा. धूर जिथून डोकावेल तिथून तंतूही निघणार आहे. ती जागा बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पाणी. नुसतं पाणी लॅगिंगवरून ओघळून जातं. १९ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर वेटिंग एजंट मिसळा, म्हणजे ते आत शिरतं. कमी दाबाचा फवारा मारा. जोराच्या धारेने उलट तंतू उडतात. तपकिरी ॲस्बेस्टॉस पाणी धरत नाही, त्याला कापड चिरून आत नळी घालून सावकाश भिजवावं लागतं. कापलेल्या जागी आत कोरडा थर दिसला तर हात थांबवा आणि परत भिजवा. लॅगिंग तुकड्यांनी सोडवून पिशवीच्या तळाशी अलगद ठेवा, टाकू नका. उघडा पाइप ब्रशने आणि ओल्या चिंधीने पुसा, दोन्ही बाजूंची कापलेली टोकं भरावाने बंद करा, आतल्या भिंती फवाऱ्याने धुवा. हत्यारं एका हातमोज्यात घेऊन तो मोजा उलटा बाहेर ओढा, पिळा, दोन ठिकाणी टेप लावून मधे कापा. शेवटी हेपा (अतिबारीक कण अडवणारा फिल्टर असलेल्या) व्हॅक्यूमची नळी घालून पिशवीतली हवा ओढून घ्या, पिशवी कचऱ्याच्या वर पिळून टेप लावा, मग पाइपावरून उतरवा. एक पिशवी एकदाच. सरकवत सरकवत तीच पुढे नेणं म्हणजे फाटकी पिशवी वापरणं.

मोठं काम, जसं पूर्ण बॉयलर, असेल तर अख्खं कंपार्टमेंट बंद करून आत ऋण दाब (बाहेरच्यापेक्षा कमी हवेचा दाब) ठेवावा लागतो. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, अडीच मीटर उंच कंपार्टमेंट म्हणजे ७५ घनमीटर. तासाला किमान ४ वेळा हवा बदलायची तर ३०० घनमीटर हवा तासाला हेपा फिल्टरमधून ओढणारं यंत्र हवं, ८ वेळा बदललीत तर अधिक चांगलं. दाबाचा फरक किमान ५ पास्कल. जहाजावर इथेच फसगत होते. हवेच्या ट्रंका (मोठ्या नळ्या), केबल ग्लँडची मोकळी भोकं, बिल्जचे पाइप, डेकमधल्या जुन्या चिरा यांतून हवा पलीकडच्या मेसमध्ये जाते. धूर सोडून प्रत्येक शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये माणूस उभा करा. काम संपल्यावर पडदे उतरवण्याआधी हवेची मोजणी घ्या. ब्रिटनमध्ये घन सेंटिमीटरला ०.०१ तंतूच्या खाली आल्याशिवाय जागा मोकळी करत नाहीत, तोच आकडा धरा.

गॅस्केट आणि पॅकिंग

हे रोजचं काम, म्हणून इथे हयगय जास्त. फ्लँज उघडला की चिकटलेला गॅस्केट ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून उडवायचा, ही पद्धत आज बंद करा. फ्लँजचे नट सैल करून, फट पडताच आत फवारा मारा. मग हाताने चालवायच्या ओल्या स्क्रेपरने खरवडा, चुरा ओल्या चिंधीवर घ्या, चिंधी पिशवीत. पितळी किंवा प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने फ्लँजला चरे पडत नाहीत. चिवट असेल तर भिजवलेली चिंधी त्यावर ठेवून अर्धा तास जाऊ द्या. पॅकिंग काढतानाही आधी ग्लँडमध्ये पाणी सोडा आणि हूकने गोल गोल ओढा. कोरडी ओढली की तिचं सूत होतं आणि तेच हवेत जातं. सीएएफ शीटमधून पंचाने गॅस्केट कापत बसण्याऐवजी ॲस्बेस्टॉस नसलेली तयार मागवा.

झाडू मारायचा नाही. कपड्यांवर किंवा फ्लँजवर हवेची नळी मारायची नाही. घरगुती किंवा साधा औद्योगिक व्हॅक्यूम लावायचा नाही, त्याच्या मागून बारीक तंतू तसाच बाहेर पडतो.

मास्क, डांगरी आणि मुंबईची हवा

रुमाल, कापडी मास्क, निळा सर्जिकल मास्क, यांचा इथे शून्य उपयोग आहे. गॅस्केटसारख्या ओल्या, लहान कामाला पी१०० फिल्टरचा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी३ दर्जाचा मास्क. लॅगिंग काढायला पूर्ण चेहऱ्याचा, पंख्याने हवा ढकलणारा आणि हेपा फिल्टरचा. बसला की नाही ते दर वेळी तपासा: दोन्ही फिल्टर तळहाताने झाकून श्वास आत घ्या, मास्क चेहऱ्याला चिकटून दहा सेकंद तसाच राहायला हवा. नौदलात दाढी ठेवायला परवानगी असते, पण दाढीवर रबराची कड बसत नाही, आदल्या दिवशीचे खुंटसुद्धा फट पाडतात. दाढी ठेवायचीच असेल तर डोक्यावरून सैल हूड असलेला, हवा पुरवणारा प्रकार घ्या.

पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून धूळ उडत नाही, हा समज गोद्यांमध्ये पक्का आहे. तो खोटा आहे. दमट हवेने लॅगिंग आतून भिजत नाही. उलट घामाने मास्क सरकतो आणि माणूस तो खाली ओढून श्वास घेतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद कंपार्टमेंटमध्ये डिस्पोजेबल डांगरी (अंगभर पोशाख) घातलेला माणूस तासभर टिकत नाही. तीस-चाळीस मिनिटांच्या पाळ्या लावा, बाहेर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी द्या. आत पाणी पिणं, विडी, तंबाखू मळणं काहीच नाही.

बाहेर पडतानाचा क्रम चुकवू नका. डांगरी अंगावर असतानाच हेपा व्हॅक्यूमने साफ करा, फवारा मारा, आतली बाजू बाहेर अशी गुंडाळत उतरवून पिशवीत टाका. मास्क घातलेल्या अवस्थेतच शॉवरखाली जा, डोक्यावरून पाणी घ्या, आणि मास्क सर्वांत शेवटी काढा. दुसऱ्या बाजूला स्वच्छ कपडे.

कामाची डांगरी घरी नेऊ नका. दोन खोल्यांच्या घरात ती बादलीत झटकून धुणारी बायको किंवा आई कधी गोदीत गेलेली नसते, तरी नवऱ्याच्या, मुलाच्या कपड्यांवरच्या तंतूने बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. धुण्याची सोय मालकाने करायची. ती नसेल तर कामगार संघटनेची पहिली मागणी हीच असावी, पगारवाढीच्याही आधी.

कचरा

कचरा ओला असतानाच ०.१५ मिलिमीटरच्या दोन पिशव्यांत, प्रत्येक पिशवी अर्धीच भरलेली. तोंड पिळून, दुमडून, टेप लावून. टोकदार पत्रा असेल तर आधी ड्रममध्ये. घातक कचरा नियम, २०१६ प्रमाणे लेबल आणि फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) लागतं, आणि माल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीच्या सुविधेत, म्हणजे आपल्याकडे तळोज्याला, जातो. गोणीत भरून भंगारवाल्याला दिलेलं लॅगिंग शेवटी कुणाच्या तरी वस्तीच्या कडेला फुटतं. जहाजातून निघालेले केबिनचे बोर्ड स्वस्त मिळतात म्हणून पार्टिशनला घेऊ नका. त्यात खिळा ठोकलात तरी तंतू सुटतो.

जहाजावर राहणाऱ्यांनी

रिफिटमध्ये ठेकेदाराचे लोक शेजारी लॅगिंग फोडत असतात आणि जहाजाचे कर्मचारी तिथेच जेवत-झोपत असतात. धूळ उडवणारा निदान मास्क तरी लावतो, बंकवर झोपलेला नाही. काम सुरू व्हायच्या आधी त्या झोनमधले मेस रिकामे करून घ्या, हवेच्या ट्रंका बंद केल्याची खात्री परमिटवर सहीसह मागा. समुद्रात असताना लॅगिंग फाटलं तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. फवारा मारा, ओलं कापड गुंडाळा, वर प्लॅस्टिक आणि टेप, खाली सांडलेलं ओल्या फडक्याने टिपा, लॉगमध्ये फ्रेम नंबरासह नोंद करा. बंकवरून जाणाऱ्या पाइपावर कपडे, बॅगा अडकवू नका.

डॉक्टर, टीबी आणि कागद

मुंबईत खोकला, धाप आणि एक्स-रेवर डाग दिसले की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो वाजवीच आहे. पण गोदीत काम केलेल्या साठीच्या माणसाच्या छातीत पाणी झालं, थुंकीत आणि पाण्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी टीबीची औषधं सुरू करून सहा महिने वाट पाहिली, तर मेसोथेलिओमात तेवढा वेळ नसतो. डॉक्टरांना कामाचा इतिहास स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री आणि डीएलसीओ (फुफ्फुसाच्या क्षमतेच्या चाचण्या), आणि शंका असेल तर एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन). छातीतल्या पाण्याचं कारण कळत नसेल तर दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासायला हवा. मुंबईत शीव (सायन) इथली केंद्रीय श्रम संस्था आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या विषयातल्या सरकारी संस्था आहेत.

ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरने तो कळवायचा असतो. कामगार भरपाईच्या यादीत ॲस्बेस्टॉसिस, तसंच ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत, जपायला सांगितलं. ही नोंद तुम्हाला मागता येते. पण ठेकेदार तीन वर्षांत नाव बदलतो आणि त्याची वही कुठे गेली ते कुणालाच सापडत नाही. म्हणून स्वतःची नोंद आजच लिहा, आठवतंय तोवर. ती अशी असावी:

‘मार्च ते ऑगस्ट १९८४, बॉयलर रूम, वाफेची मुख्य लाइन, जुनं लॅगिंग छिन्नीने काढलं, रोज सुमारे ६ तास, मास्क नाही, हवा बंद. सोबत अमुक आणि अमुक. मुकादम अमुक. गेट पास नंबर अमुक.’

जहाजाचं नाव, ठेकेदाराचं नाव, सोबत्यांची नावं आणि त्यांचे आत्ताचे फोन नंबर खाली. गेट पास, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचा उतारा, नौदलातल्यांनी सेवापुस्तिकेतल्या जहाजांच्या पानांच्या झेरॉक्स त्याला जोडा. एक प्रत पेन्शनच्या फाइलीत, एक मुलांकडे, आणि एक डॉक्टरांच्या केसपेपरला टाचून.